शेवटची दहा मिनिटं

मी सिनेमे शेपटाकडून ओळखते.
झाडू, दोन काळ्या पिशव्या
आणि च्युइंगम खरवडायची पट्टी घेऊन
दाराशी उभी राहते, तेव्हा
दहा मिनिटं उरलेली असतात
आणि जगही बहुधा तेवढंच.

या हिवाळ्यात सात वेळा शहर कोसळलं.
सातही वेळा निळ्या उजेडात, आकाशाला भोक पडून.
झगा घातलेला कुणी ढिगाऱ्यावर उभा राहतो,
लांबवर बघतो,
त्याचा भाऊ मेलेला असतो
(येईल परत, पुढच्या भागात),
संगीत चढत जातं,
आणि मी काचा मोजत असते.
बाई गं, केवढ्या काचा!
चाळीस मजल्यांच्या खिडक्या रस्त्यावर
आणि एकाच्याही हातात सुपली नाही.

हालव्हर्सन पेपरात तारे वाटतो.
बावीस वर्षं तीच खुर्ची, तोच खोकला.
जाताना विचारतो, "व्हर्ना, तुझा शेरा?"
मी फरशीकडे बघून सांगते.

उडत्या माणसांनंतर
पॉपकॉर्न जत्रेसारखा सांडलेला,
पेले निपटून प्यालेले,
पोरांचे हातमोजे विसरलेले, नेहमी एकेकटे.
भुतांचं तसं नाही.
भूत फुसकं असेल तर लोक हसतात
आणि सगळं खाऊन जातात.
भूत खरं असेल तर बादल्या भरलेल्याच,
स्ट्रॉ चावून चावून चपट्या,
आणि निम्मी माणसं अंधारात कधीतरी उठून
मागच्या रांगेत सरकलेली,
पाठीला भिंत हवी म्हणून.

जानेवारीत तो तळघराचा सिनेमा लागला.
बाहेर उणे अठ्ठावीस,
सरोवर गोठून पार दीपस्तंभापर्यंत पांढरं.
डुलुथमधली नऊ माणसं आली,
आठ भराभर गेली.
नववा तोइवो रांताला.
खनिजाच्या धक्क्यावर जन्मभर क्रेन चालवलेला,
आता गुडघ्यांवर टोपी ठेवून बसलेला.

मी दिवे लावले. म्हटलं, "संपला."
"ठाऊक आहे."
मी चौथी रांग झाडली, पाचवी झाडली.
"ती तळघरातून हाक मारते ना," तो म्हणाला,
"जेवायला चल म्हणून.
आवाज छान काढलाय."
मग कोटाची बटणं लावत, फरशीकडे बघत,
"उद्या पुन्हा किती वाजता?"

मला कुठली हाक? ती मधे कुठेतरी असणार.
मधलं मी कधीच बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाडू भिंतीला टेकवला
आणि बसले, अकरा वर्षांत पहिल्यांदा.
पायऱ्या. ओल. लुकलुकणारा बल्ब.
मग खालून ती, अगदी साध्या आवाजात:
"अरे, निवतंय सगळं. ये ना."
पुढच्या पोरींनी तोंडं झाकली.
मीही खुर्चीचा हात घट्ट धरला, खोटं का बोलू.
तोइवो मात्र ताठ बसला होता,
बाहेरून घरात आलेला माणूस
बूट काढायच्या आधी क्षणभर थांबतो, तसा.

हालव्हर्सननं दीड तारा दिला.
लिहिलं: कथा ओळखीची,
भूत विनाकारण प्रेमळ.
मला विचारलं नाही त्यानं, घाईत होता.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
आठ दिवस, तिसरी रांग, चौथी खुर्ची,
खाली एक दाणा नाही.
चॉकलेटचा कागद चौकोनी घडी करून
पेल्याच्या खाचेत ठेवलेला,
पाहुण्याच्या घरी ठेवतात तसा.

गुरुवारी रात्री पोस्टर बदललं.
तोइवो काचेपाशी उभा, मिशीवर बर्फ.
"उद्यापासून काय?"
"शहर पडतंय," मी म्हटलं.
त्यानं थोडा विचार केला.
"कुणी हाक मारतं का त्यात?"
"मारतात की. नावं ओरडतात एकमेकांची."
"जेवायला?"
"नाही."
"मग राहू दे," म्हणाला,
आणि मिठानं काळ्या झालेल्या फुटपाथवरून
जपून जपून घराकडे गेला.